रिकाम्या नसलेल्या जागेची जाहिरात

मंगळवार, ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ती चाचणीची जाहिरात सॉफ्टवेअरने आपली आपणच बाहेर सोडली. ते खरं नाही. सॉफ्टवेअरने मला रीतसर विचारलं होतं, ही जाहिरात प्रसिद्ध करायची का, आणि खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं ठेवली होती. 'होय' मीच दाबलं. पत्र पेटीत टाकून कोपऱ्यापर्यंत आले तेव्हा हे लक्षात आलं. परत जाऊन पेटीत हात घालून पाहिला, तो मनगटापुढे जात नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय की मी एका सॉफ्टवेअरवर आळ घेतला, आणि त्या बिचाऱ्याला तुला पत्र लिहून आपली बाजू मांडायची सोय नाही.

आता सगळं मुळापासून सांगते. मागचं पत्र घाबरून लिहिलं होतं, त्यामुळे त्यात 'अरे देवा' जास्त आणि माहिती कमी होती.

आमच्या कारागीर संघटनेच्या कार्यालयाबाहेरचा नोटीस बोर्ड तुला आठवत असेल. तू आली होतीस तेव्हा त्याच्या टाचण्या सरळ रांगेत लावत बसली होतीस. कुणाला वेल्डर हवा, कुणाला गल्ल्यावर बसायला माणूस हवं, अशा चिठ्ठ्या तिथे लागतात. अध्यक्षांनी ठरवलं की हा बोर्ड आता ऑनलाइन करायचा, आणि त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते मी बघायचं. मीच का, तर मी संगणकासमोर बसते म्हणून. हिशेबनीसही बसतात, पण त्यांना काही सांगायला कुणी धजत नाही.

तीन प्रकार निघाले. तुझ्या शिवणकामाच्या भाषेत सांगते. पहिला म्हणजे तयार कपडा, तोही भाड्याचा. सगळा बोर्ड आयता मिळतो, दरमहा भाडं भरायचं, आणि भरणं थांबलं की ते लोक कपडा अंगावरून उतरवून नेणार, खिशातल्या वस्तूंसकट. दुसरा म्हणजे आपल्या जुन्या वेबसाइटला नवी बाही जोडायची, तिला प्लगइन म्हणतात. तिसरा फुकट. त्यात नुसतं कापड आणि कागदी नमुना देतात, शिवायचं आपण आणि उसवलं तर रडायचंही आपणच. मी तिन्हींच्या तुलनेचा तक्ता केला. तो इतका लांबला की छापून भिंतीला लावावा लागला, आणि वरच्या ओळी वाचायला स्टूल आणावं लागलं. अखेर मी बाही निवडली. ती मधली होती म्हणून. हे कारण तक्त्यात कुठेही नाही.

बाही बसवल्यावर हात नीट हलतो का ते पाहायला एक खोटी जाहिरात टाकून बघायची असते. बाकीचे लोक तिथे 'कखग' किंवा असंच काहीतरी लिहून मोकळे होतात. मला ते जमलं नाही, आणि याचं खापर थोडंसं तुझ्या कटिंगच्या टेबलावर फोडायची परवानगी दे. बाबांच्या सततच्या बदल्यांमुळे दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे ते टेबल, आणि त्या शाळेचा एकच नियम, उदाहरण खोटं घ्यायचं नाही. सात बटणांतली दोन फुटकी असं गणित असेल, तर टेबलावर सात बटणं हवीत आणि दोन खरोखर फुटकी. पुस्तकातल्या घोड्यांच्या गणिताला तू हात लावू दिला नाहीस, कारण दुकानात घोडा नव्हता. पुढे खऱ्या शाळेत 'मी पक्षी झाले तर' असा निबंध आला तेव्हा मी लिहिलं की मी अजून झालेले नाही, झाले की कळवीन.

तेव्हा मी खरी जाहिरात लिहिली. बारीकसारीक माहीत असलेली एकच नोकरी माझ्याकडे होती, ती माझीच. ती अशी:

'कार्यालय सहायक पाहिजे. फोन घेणे, पत्रं लिहिणे, वेबसाइट सांभाळणे, आणि अध्यक्षांनी काल काय ठरवलं होतं ते त्यांना आज सांगणे. खुर्ची डावीकडे कलते. खिडकी उघडते, पण पूर्ण बंद होत नाही. पगार वेळेवर होतो, वाढत नाही. हिशेबनीस मनाने चांगले आहेत. सकाळच्या चहाआधी त्यांच्याशी बोलू नये. कामाचं कौतुक होत नाही, पण चूक झाली तर कुणी आरडाओरडाही करत नाही.'

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे की नाही ते आता कळेल.

मसुदा म्हणून ठेवली असती तर भागलं असतं. पण मसुद्यावर आडवा करडा शिक्का येतो, आणि मला ती शिक्क्याशिवाय कशी दिसते ते पाहायचं होतं. वेबसाइटच्या त्या भागाला पासवर्ड होता, तेव्हा बाहेरचं कुणी बघणार नाही अशी माझी समजूत. दाराला कुलूप होतं खरं, पण मेल खिडकीतून गेले. जुन्या बोर्डावर नाव नोंदवलेल्या सगळ्यांचे पत्ते मीच आदल्या दिवशी मोठ्या हौसेने भरून ठेवले होते. शिवाय 'इतर वेबसाइटवरही दाखवा' या चौकटीत बरोबरची खूण आधीपासूनच होती, ती काढायचं मला सुचलं नाही. गेल्या आठवड्यात सोमवारी आले तर त्रेसष्ट अर्ज. माझ्या नोकरीला.

अध्यक्षांनी जाहिरात वाचलेली नाही, नुसता आकडा पाहिला. आपल्या बेकरीतून थेट आले होते, मनगटापर्यंत पीठ, आणि त्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की पहिल्याच जाहिरातीला त्रेसष्ट म्हणजे आपण बाकीच्या संघटनांना मागे टाकलं. मी दिवसभर पाठीवर पांढरा पंजा घेऊन हिंडले. हिशेबनीसांनी मात्र जाहिरात वाचली आहे. ते आता रोज सकाळी दारातूनच मला विचारतात की चहा झालेला नाही, तरी आत येऊ का. आणि मी सोडून जाणार अशी त्यांची खात्री झाल्यामुळे माझी खिडकीजवळची जागा त्यांनी दोनदा फूटपट्टीने मोजली.

मी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही. माझी सहा महिन्यांची उमेदवारी या महिन्यात संपते आणि कार्यकारिणीच्या बैठकीत मला कायम करायचं की नाही ते ठरणार. अशा वेळी मी जाऊन काय सांगू? मी माझ्याच नोकरीची जाहिरात दिली आणि ती चांगली चालली?

तुझ्या गुडघ्याचं कळव. फोनवर तू बरा आहे म्हणतेस, पण जे खरं ते कागदावर असं तूच ठरवलं आहेस, म्हणून कागदाची वाट पाहते. इतका बावळटपणा वाचूनही लोभात काटछाट करू नकोस, ही विनंती.

तुझी
टाचणी


शुक्रवार, ६ मार्च

चि. टाचणी हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की तोंडात धरलेली सुई काढून ठेवावी लागली. नंतर ती सापडेना. ती एका गिऱ्हाइकाच्या कोटात असणार आणि कोट गेला, त्यामुळे आता चूक करणारी घरात तू एकटी राहिली नाहीस.

खरं उदाहरण घेण्याच्या नियमाबद्दल निम्मा दोष मी घेते. पण सात बटणं टेबलावर मांड म्हटलं होतं, ती रस्त्यावर उधळ असं म्हटलेलं नव्हतं. उरलेला निम्मा तू घे. आणि बाहीचं म्हणशील, तर मला आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. जुन्या अंगाला नवी बाही बसवणं हे नवा कपडा शिवण्यापेक्षा वेळखाऊ काम आहे. गिऱ्हाइकांना पटत नाही, तुला कुठून पटणार?

आता माझी गंमत ऐक. जाहिरात मला इतकी आवडली की मी अर्ज केला. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंनी त्यांच्या संगणकावर भरून दिला. त्या प्रश्न वाचत गेल्या आणि मी काउंटरला टेकून उत्तरं देत गेले. कलणाऱ्या खुर्चीवर बसण्याची तयारी आहे का? तीस वर्षं बसते आहे. चहाआधी न बोलणाऱ्या माणसाबरोबर काम केलं आहे का? तुझ्या आजोबांबरोबर. हे प्रश्न फॉर्ममध्ये नव्हते, ते मी घुसडले. फॉर्ममधला एक होता, संगणक वापरता येतो का. मी खरं तेच सांगितलं, नाही. बाईंनी खूण केली आणि अर्ज धाडला.

त्या अजून उठल्याही नव्हत्या तोवर उत्तर आलं. बाईंनी छापून दिलं, ते पुढ्यात ठेवून उतरवते: 'आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला. दुर्दैवाने या पदासाठी आपली निवड होऊ शकत नाही. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' आणि खाली तुझं पूर्ण नाव.

तुला पाटीवर 'क' गिरवायला शिकवला त्या बाईला तू पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्यास, याबद्दल आभारी आहे. एवढंच विचारते की अर्ज काळजीपूर्वक वाचलास कधी? बाईंचा चष्मा अजून नाकावरून उतरला नव्हता.

गुडघा दुखतो. जिना सोडून बाकी कुठे त्रास नाही, पण दुकान वर आहे. तुझ्या कायम होण्याचं मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं आहे, तेव्हा ते काम जपून कर. पोटाला खात जा, तुझी चिंता जेवणाच्या वेळीच का येते ते मला कधी कळलं नाही.

नाकारलेली, तरीही तुझीच
आत्या


सोमवार, ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुरुस्ती. मी लिहिलं होतं की त्रेसष्ट अर्ज नुसते येऊन पडलेत. ते नुसते पडलेले नाहीत. तुझं पत्र वाचून मी सॉफ्टवेअरच्या आतले कप्पे उघडून पाहिले, तर त्यात एक चाळणी निघाली. अर्जातल्या काही प्रश्नांना ठरलेलं उत्तर आलं नाही की ती अर्ज बाजूला टाकते आणि लगेच नकार पाठवते. ही सोय चालू करण्याबद्दल तक्त्यात एक ओळ होती आणि तिच्यापुढे मी स्वतः 'उत्तम, वेळ वाचतो' असं लिहिलेलं आहे. ते वाचायला स्टुलावर चढावं लागलं, म्हणून लिहिल्यापासून मी ते पुन्हा वाचलेलं नव्हतं.

तुला नकार गेला हे वाचून मी जिथे उभी होते तिथेच बसले. नशिबाने मागे खुर्ची होती, ती डावीकडे कलली. आत्या, मला माफ कर. तुझ्या अर्जातली ती घुसडलेली उत्तरं मी आता वाचली. काळजीपूर्वक.

तुझ्याबरोबर पन्नासएक जणांना असाच नकार गेला आहे. त्यात मीही आहे. अर्जदाराच्या बाजूने फॉर्म कसा दिसतो ते पाहायला मी स्वतःही अर्ज केला होता, हे तुला सांगायचं राहिलं. दबावाखाली काम करू शकता का, याला मी 'कधी कधी' असं उत्तर दिलं. त्यावर मला माझंच पत्र आलेलं आहे, ते आता सापडलं. मी माझा अर्ज काळजीपूर्वक वाचला आणि दुर्दैवाने माझी निवड होऊ शकत नाही. पुढील वाटचालीस मी मला शुभेच्छा दिल्या आहेत.

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग शनिवारी एक बाई आल्या.

त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. जागा मालकाला परत हवी झाली आणि ते बंद पडलं. त्या वर्षभर काम शोधताहेत. दारातून आत येऊन त्यांनी आधी मला धन्यवाद दिले, कारण आजवर केलेल्या इतक्या अर्जांत उत्तर आलेलं हे पहिलंच, मग ते नकाराचं का असेना. बाकीचे लोक काहीच कळवत नाहीत, म्हणाल्या. आणि मग त्यांनी विचारलं की आपल्यात काय कमी पडलं ते सांगाल का, म्हणजे तेवढं शिकून घेता येईल. त्या भांडायला आल्या नव्हत्या. वही काढून, पेनचं टोपण उघडून तयार बसल्या होत्या.

मी त्यांचा अर्ज काढला. किती वर्षांचा अनुभव, या चौकटीत त्यांनी 'बरीच' असं लिहिलं होतं. चौकटीला आकडा हवा होता. 'बरीच' म्हणजे शून्य असं सॉफ्टवेअरने ठरवलं. एवढंच कमी पडलं होतं.

मी म्हटलं, चौकट नीट नव्हती. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं की आता या जागेवर कोण आहे. मी म्हटलं, मी. त्यांनी धरून चाललं की मी सोडून जाते आहे, आणि मला नव्या जागी सुख लाभो असं म्हणाल्या. जाहिरात त्यांना फार आवडली होती, खुर्चीचं आधीच सांगणारी नोकरी त्यांनी पहिल्यांदा पाहिली. येताना पिशवीत पाना घेऊनच आल्या होत्या. मला उठायला लावून खुर्ची उलटी केली, खालचा एक बोल्ट आवळला, आणि गेल्या. त्यांना खरं काय ते सांगायची मला संधीच मिळाली नाही.

खुर्ची आता कलत नाही. म्हणजे जाहिरातीतलं ते वाक्य चुकीचं झालं. ते बदलावं का, हा विचार मी शनिवारी संध्याकाळी बराच वेळ केला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कशाचा विचार टाळण्यासाठी हा विचार करते आहे.

आज सकाळी अध्यक्षांना सांगितलं. जाहिरात मी चाचणीसाठी लिहिली होती आणि जागा रिकामी नाही, एवढं सांगितलं. नकारांचं सांगायच्या आत बेकरीतून फोन आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, सोपं आहे, जाहिरात बंद कर आणि 'पद भरले आहे' असं कळव, ते खरंच भरलेलं आहे, त्यात तू बसलेली आहेस. आणि बैठकीत त्रेसष्टचा आकडा आपण सांगायचा, बाकी तपशिलात शिरायचं नाही. मला अडचणीत आणायचं त्यांच्या मनात नाही, उलट माझी बाजू सांभाळायला निघालेत. जाता जाता त्यांनी विचारलं की परवा आपण बैठकीची कोणती तारीख ठरवली होती. मी सांगितलं, एकोणीस.

जाहिरात बंद करताना सॉफ्टवेअर कारण विचारतं. तीन कारणं आयती आहेत, 'पद भरले आहे', 'मुदत संपली', 'पद रद्द झाले'. ही जागा कधी रिकामीच नव्हती, असं चौथं नाही. कुणाला त्याची गरज पडेल असं करणाऱ्याला वाटलं नसावं. अध्यक्ष म्हणतात ते शब्दाने अगदी खरं आहे. तरी मी दुपारभर त्या बटणावर बोट नेते आणि परत आणते.

तू काय म्हणशील ते लवकर लिही. नाकारलेल्यांतली मला विचारता येईल अशी तू एकटीच आहेस. तुझी माया या चाळणीतून जाऊ नये, ही विनंती.

तुझी
टाचणी


गुरुवार, १२ मार्च

चि. टाचणी हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

विचारलंस म्हणून लिहिते, नाही तर लिहिणार नव्हते.

अर्ज मी गंमत म्हणून केला. जाहिरात तुझी आहे हे मला ठाऊक होतं, नोकरी नको होती, गुडघ्याने तुमचा जिना चढलाही नसता. आणि तरी तो कागद हातात आला तेव्हा औषधवाल्या बाई एकदम काउंटर पुसायला लागल्या. दुकानात परत आले, एक बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटी लावली. तिसऱ्या प्रहरी मी स्वतःशी हिशेब घालत होते की संगणकाचं 'नाही' न सांगता 'थोडा थोडा' सांगितलं असतं तर चाललं असतं का. हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही, सगळा वेळ विनोद करत बसले. तर आता ही माझी दुरुस्ती.

मला जर असं झालं, तर ज्या बाईंना ती नोकरी खरोखर हवी होती त्यांचं काय झालं असेल ते मी शिवता शिवता पुष्कळ वेळ मनात घोळवलं. 'पद भरले आहे' असं कळवलंस तर त्या समजतील की कुणीतरी आपल्यापेक्षा बरं सापडलं. त्या हरल्याच नव्हत्या, आणि तू त्यांना दुसऱ्यांदा हरवशील.

हे झालं एक. आता दुसरं, आणि हे तुझी शिक्षिका लिहीत नाही, तुझी आत्या लिहिते आहे. एकोणीसची बैठक होऊन जाऊ दे. आधी कायम हो. मग वीस तारखेला जे काय खरं सांगायचं ते सगळ्या जगाला सांग. आठवडाभराने कुणाचं काही बिघडत नाही. तुझ्या अध्यक्षांना आज तुझं कौतुक आहे. कार्यकारिणीत ते एकटे नाहीत, आणि पन्नास माणसांना संघटनेच्या नावाने खोटे नकार गेले हे ऐकून सगळेच पाठीवर पीठ लावतील असं नाही. तुला ती नोकरी आवडते. आवडत नसती तर तू तिच्याविषयी इतकं प्रेमाने वाईट लिहिलं नसतंस.

माझ्या या सल्ल्याला तू नाक मुरडशील हे मला इथे बसून दिसतं आहे. मुरड. पण ऐक.

कोटवाला आला होता. सुई कॉलरमध्ये होती. त्याला लागली नाही, त्याच्या बायकोला लागली. मी त्याला सांगितलं की सुई माझी, आणि पुढची दुरुस्ती तशीच करून देते. तो हसला. म्हणून असं समजू नकोस की सगळेच हसतात.

जेवून मगच उत्तर लिही.

तुझी
आत्या


रविवार, १५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जेवले, आणि लिहायला बसले. आधी दुरुस्ती, आणि ही शेवटची असू दे अशी माझी फार इच्छा आहे. मी तुला लिहिलं होतं की त्या बाइंडिंगवाल्या बाईंना खरं सांगायची मला संधीच मिळाली नाही. मिळाली होती. खुर्ची उलटी करून त्या बोल्ट आवळत होत्या तेवढा सगळा वेळ मी त्यांच्या शेजारी उभी होते. एकदा तर त्यांनी वर बघून विचारलं की तुम्हाला काही म्हणायचं आहे का. मी म्हटलं, उजेड कमी पडत असेल तर दिवा लावते. दिवा लावला. दिवा लागल्यावर तर सगळंच स्वच्छ दिसत होतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिला भाग वाचून रडले, दुसरा वाचून खरोखर नाक मुरडलं, आणि आरशात बघितलं तर ते अगदी तुझ्यासारखं मुरडलेलं होतं.

तुझा सल्ला मोडते आहे. आधी तो पाळायचा प्रयत्न केला. बैठकीत मी कशी बसेन याची मनात तालीम केली. अध्यक्ष त्रेसष्टचा आकडा सांगतील, सगळे वळून माझ्याकडे बघतील, आणि मग मला कायम करायचं का असा विषय निघेल. हात वर होतील. पण आत्या, ते हात ज्या मुलीसाठी वर होतील, ती मुलगी आमच्या कार्यालयात कामाला नाही. जिने बोर्ड सुरळीत सुरू केला आणि जिच्या पहिल्या जाहिरातीला त्रेसष्ट अर्ज आले, ती मुलगी म्हणजे पुस्तकातला घोडा. त्याचं गणित करायला तूच मला कधी परवानगी दिली नाहीस. आता वयामुळे तुझं मन मऊ झालं असेल, पण नियम तू मला कठीण असतानाच शिकवून ठेवलास, त्याला मी काय करू?

शूर झाले आहे असं मात्र समजू नकोस. या आठवड्यात मी हिशेबनीसांना चुकून 'आई' म्हटलं. ते चहाआधीच.

काय केलं ते सांगते. चाळणी बंद केली. तीन आयत्या कारणांखाली चौथं घालता येतं असं शोधून काढलं, त्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची सगळी सूचनापुस्तिका वाचावी लागली. त्यात एका पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे की चाचणीसाठी खरा मजकूर वापरू नये. ते मी शेवटी वाचलं, कारण ते पहिल्या पानावर होतं आणि पहिली पानं मी सोडते. चौथं कारण मी असं लिहिलं: 'ही जागा रिकामी नव्हती. चाचणी करताना ही जाहिरात माझ्या हातून प्रसिद्ध झाली. तुम्हाला नकार आला असेल तर तो कुणी वाचून दिलेला नाही. तुमचा अर्ज मी आता वाचला आहे.' सॉफ्टवेअरने एवढा मजकूर मावत नाही म्हणून सांगितलं. मग मी माफीची दोन वाक्यं काढली आणि शेवटचं वाक्य ठेवलं. ते खरं व्हावं म्हणून शुक्रवार, शनिवार आणि आजची सकाळ मी सगळे अर्ज वाचले. माफी प्रत्येकाला वेगळ्या मेलमध्ये लिहिते आहे, ज्याने त्याने अर्जात जे लिहिलं होतं त्याला उत्तर म्हणून. एक गृहस्थ माझ्या नोकरीला माझ्यापेक्षा निःसंशय योग्य आहेत. तसं त्यांना लिहावं की नाही यावर मी बराच वेळ अडले. लिहिलं.

बाइंडिंगवाल्या बाईंना मेल नाही. अर्जावर पत्ता आहे, कार्यालयाच्या वाटेवरच राहतात. सकाळी आधी त्यांच्याकडे जाईन आणि दिवा न लावता सांगेन. संघटनेच्या सभासदांत दोन छापखानेवाले आहेत, त्यांना माणसं लागतात हे मला माहीत आहे कारण त्यांच्या चिठ्ठ्या अजून बाहेरच्या लाकडी बोर्डावरच आहेत. त्यांना ऑनलाइन आणायची मला फुरसत झाली नव्हती. त्या चिठ्ठ्या बाईंना नेऊन देईन. त्यात काय पिकेल ते मला माहीत नाही, आणि पिकेल असं मी त्यांना सांगणार नाही.

मग कार्यालयात जाऊन अध्यक्षांना राहिलेलं सांगेन, नकारांचं. परवानगी मागणार नाही, कारण ते चांगले आहेत आणि देणार नाहीत. मग बटण दाबेन. त्यानंतर बैठक. माझा विषय येईल तेव्हा त्यांच्यापुढे खरी सात बटणं असतील, फुटक्या दोनांसह. त्यांनी मोजावं आणि ठरवावं.

नाही म्हणाले तर तुझ्या दुकानात मदतनीस हवी आहे का ते कळव. अर्ज करीन, संगणक वापरता येतो, दबावाखाली कधी कधी काम करते, आणि तू मला काळजीपूर्वक वाचलेलं आहेस. गल्लीत तू आधीच सांगून टाकलं आहेस त्याचं काय करायचं ते तूच बघ. सुईचं त्या कोटवाल्याला सांगितलंस तसंच सांग.

मी कुठल्याही जागेवर असले तरी माझ्यावरचा तुझा लोभ त्याच जागेवर असू दे, ही विनंती.

तुझी
टाचणी

ता. क. वर मी नुसतं 'सकाळी' आणि 'त्यानंतर बैठक' असं लिहिलं आहे. ते मोघम आहे, आणि मोघम राहिलं तर बैठक पुढे ढकलली गेल्याच्या निमित्ताने मीही पुढे ढकलेन, मी मला ओळखते. तेव्हा ही दुरुस्ती. बैठक होवो न होवो, या वेळीही 'होय' मीच दाबणार आहे, आणि ते गुरुवारी, १९ मार्चला.